सल्ला मोलाचा, पाठपुरावा वाचकाच्या माथी: एनआयएचच्या स्त्री-आरोग्य सल्लागार समितीचं परीक्षण

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा वैद्यकीय संशोधनावरचा बहुतेक पैसा नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएचमार्फत खर्च होतो. त्यात स्त्रियांच्या आजारांना किती जागा मिळावी आणि कोणते प्रश्न आधी घ्यावेत, हे सांगायला कायद्याने नेमलेली एक तज्ज्ञ समिती आहे: ‘अ‍ॅडव्हायझरी कमिटी ऑन रिसर्च ऑन विमेन्स हेल्थ’. ती एनआयएचच्या स्त्री-आरोग्य संशोधन कार्यालयाला सल्ला देते. सामान्य माणसाला तिच्याकडून तीन गोष्टी मिळतात: उघड्या सभा, सभांची इतिवृत्तं आणि दर दोन वर्षांनी निघणारा अहवाल. तिन्ही फुकट आहेत. रुग्णगट चालवणाऱ्यांना, आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांना आणि अनुदानाचा अर्ज भरणाऱ्या संशोधकांना त्यांचा कितपत उपयोग होतो, हे इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगायला हरकत नाही. समितीचा सल्ला अभ्यासपूर्ण असतो आणि कागदपत्रं भरपूर मिळतात. पण शिफारस झाली, पुढे तिच्यावर किती डॉलर खर्च झाले, हा धागा एका जागी कुठेच सापडत नाही. तो वाचकाला स्वतः जुळवावा लागतो. जुळवायला जमलं तर ही सेवा फार कामाची आहे. नाही जमलं तर हाती नुसती जाडजूड पीडीएफ उरते.

अशी समिती लागलीच का, हे ठाऊक नसेल तर तिच्या कागदांतली निम्मी भाषा कळत नाही. थॅलिडोमाइड ही गोळी गरोदरपणात घेतल्याने हजारो बाळं व्यंगासह जन्मली. त्या आपत्तीनंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये एक मार्गदर्शक सूचना काढली. मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळावं, असं तीत होतं. हेतू गर्भाचं रक्षण हा होता. परिणाम असा झाला की औषधाची मात्रा ठरायची पुरुषांवर आणि गोळी घ्यायचे दोघंही. एनआयएचने १९८६ मध्ये संशोधनात स्त्रियांना सामावून घेण्याचं धोरण जाहीर केलं, पण जून १९९० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने ते नीट राबवलंच जात नसल्याचं दाखवून दिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात स्त्री-आरोग्य संशोधन कार्यालय उभं राहिलं. पुढच्या वर्षी मेरीलँडमधल्या हंट व्हॅलीत तज्ज्ञ जमले आणि संशोधनाची पहिली मोठी विषयपत्रिका तयार झाली. कार्यालय आणि समिती यांना कायद्याचं बळ मिळालं ते १० जून १९९३ च्या एनआयएच पुनरुज्जीवन कायद्याने. वैद्यकीय संशोधनातून स्त्रियांना वगळण्यासाठी ‘खर्च वाढतो’ हे कारण चालणार नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे.

समितीची रचना कायद्यात नेमकी दिली आहे. सभासद १२ पेक्षा कमी नकोत, १८ पेक्षा जास्त नकोत. कोणीही केंद्र सरकारच्या नोकरीतलं नको. निम्म्याहून अधिक स्त्रिया हव्यात. डॉक्टर, संशोधक आणि इतर आरोग्य व्यावसायिकांमधून एनआयएचचे संचालक त्यांना निवडतात. कामाची यादीही ठरलेली आहे: स्त्रियांच्या आरोग्यावरचं संशोधन, औषधांना स्त्री-पुरुषांच्या शरीराकडून मिळणारा वेगवेगळा प्रतिसाद, आजाराची कारणं आणि उपचार यांतले फरक, प्रसूती आणि स्त्रीरोग, आणि एकाहून अधिक शाखांनी मिळून सोडवायचे प्रश्न. शिवाय, चाचण्यांत स्त्रियांना घेतलं जातं की नाही यावर लक्ष ठेवायला मदत करायची. हे शेवटचं कलम फार महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे समितीला आकडे मागता येतात.

रचनेतली कमजोरीही त्याच कायद्यात आहे. समितीचं अध्यक्षपद कार्यालयाच्या संचालकांकडेच असतं. म्हणजे सल्ला ज्यांना द्यायचा, सभाही तेच चालवतात. विषयपत्रिका सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच ठरते. यात कोणाचा वाईट हेतू आहे असं मुळीच नाही. पण इतिवृत्त वाचताना एक भान ठेवावं लागतं: संचालकांचं सादरीकरण आणि सभासदांचा सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यालयाने काय काय केलं याचा सुरुवातीचा वृत्तान्त भराभर चाळावा आणि चर्चेच्या भागावर वेळ घालवावा. सभासद ज्या वाक्यात ‘याची आकडेवारी मिळेल का’ असं विचारतात ते वाक्य खुणेने ठेवावं आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात उत्तर आलं का ते पाहावं. तीन-चार सभांची इतिवृत्तं अशी एकामागोमाग वाचली की कोणता विषय पुढे सरकतोय आणि कोणता नुसता नोंदला जातोय हे लख्ख दिसतं.

आणखी एक मेख आहे. सरकारी सल्लागार समित्यांना १९७२ चा एक वेगळा कायदा लागू होतो. सभेची सूचना किमान १५ दिवस आधी ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात यावी लागते, सभा लोकांना खुली असावी लागते आणि इतिवृत्तावर ९० दिवसांच्या आत अध्यक्षांनी शिक्कामोर्तब करावं लागतं. पण समितीने नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल मूळ समितीकडेच जाणार असेल, तर त्या गटाच्या बैठका उघड्या ठेवण्याची सक्ती नाही. मसुद्यावरची खरी घासाघीस बहुतेक वेळा कार्यगटातच होते. उघड्या सभेत येतो तो घासून गुळगुळीत झालेला मजकूर. मतभेद कुठे होते हे कळायचं असेल तर कार्यगटाचा मसुदा मिळवून अंतिम मजकुराशी ताडून पाहणं एवढाच उपाय उरतो.

समितीचं अलीकडचं सर्वांत भरीव काम म्हणजे २० ऑक्टोबर २०२१ ची परिषद. संसदेने तीन विषय नेमून दिले होते: बाळंतपणातले मृत्यू आणि गंभीर गुंतागुंती, स्त्रियांना खिळवून ठेवणारे दीर्घकालीन आजार, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात न सुधारणारं जगण्याचं प्रमाण. तयारीही नीट झाली. लोकांकडून लेखी सूचना मागवल्या, संस्थांकडून चालू संशोधनाची माहिती घेतली, विषयवार गट केले आणि मग परिषद भरवली. सल्लागार समितीने कसं काम करावं याचा हा उत्तम नमुना आहे. प्रश्न ठरावीक होते, मुदत ठरावीक होती आणि उत्तर ज्याने मागितलं तो पैसा मंजूर करणारा होता.

त्या परिषदेचा अहवाल वाचताना दोन आकड्यांबाबत सावध राहायला हवं. २०१८ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १७.४ मातामृत्यू नोंदले गेले. २०२१ मध्ये तो आकडा ३२.९ वर गेला. ही वाढ हादरवणारी आहे आणि तीत कोविडचा मोठा वाटा आहे. पण त्याआधीच्या दशकातली चढती रेघ जशीच्या तशी घेऊ नये. मृत्यूच्या दाखल्यावर ‘मृत स्त्री गरोदर होती का’ हा रकाना २००३ पासून राज्याराज्यांनी टप्प्याटप्प्याने आणला, त्यामुळे आधी निसटणारे मृत्यू नोंदीत येऊ लागले आणि काही चुकीचेही शिरले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कोडं याहून वेगळं आहे. तपासणीमुळे हा कर्करोग होण्याचं प्रमाण खूप घटलं, पण झालेल्यांमध्ये पाच वर्षं जगण्याचं प्रमाण १९७० च्या दशकापासून फारसं हललेलं नाही. तपासणीत सौम्य आणि सुरुवातीचे दोष पकडून काढून टाकले जातात. मागे उरतात ते उशिरा कळलेले किंवा झपाट्याने वाढणारे आजार आणि तपासणीपर्यंत न पोहोचलेल्या स्त्रिया. म्हणून ‘उपचार सुधारलेच नाहीत’ असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. पण पुढच्या टप्प्याच्या आजारावर आणि तपासणी न झालेल्या स्त्रियांवर संशोधन वाढवलं पाहिजे, हा समितीचा रोख अगदी योग्य आहे.

आता द्वैवार्षिक अहवालाकडे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

संशोधनात भाग घेणाऱ्यांमध्ये स्त्रिया निम्म्याहून जास्त आहेत, हे वाक्य बातम्यांत वारंवार येतं. तक्त्यात तसं दिसतंही. पण त्यात फक्त स्त्रियांवर झालेले अभ्यास मिसळलेले असतात: गरोदरपण, स्तनांचा कर्करोग, रजोनिवृत्ती. समजा, एका तक्त्यात १,००,००० स्त्रिया आणि ८०,००० पुरुष आहेत. स्त्रिया झाल्या जवळपास ५६ टक्के. त्यांतल्या ३५,००० फक्त स्त्रियांच्या अभ्यासांतल्या असतील आणि फक्त पुरुषांचे अभ्यास नसतील, तर दोघंही सहभागी असलेल्या अभ्यासांत उरतात ६५,००० स्त्रिया आणि ८०,००० पुरुष. म्हणजे ४५ टक्के. हृदयरोगाच्या चाचणीतला प्रश्न हा दुसऱ्या आकड्याचा आहे. म्हणून तक्ता उघडला की पहिल्यांदा ‘एकाच लिंगाचे अभ्यास वगळून’ ही ओळ शोधायची. ती नसेल तर त्या एकूण बेरजेवर काहीही लिहू नये.

दुसरी चूक मोठ्या अभ्यासांमुळे होते. एखाद्या प्रचंड अभ्यासाची नोंदणी ज्या वर्षी आकड्यांत येते त्या वर्षी टक्केवारी उसळते. ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या रजोनिवृत्तीनंतरच्या आरोग्यावरच्या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या १,६१,८०८ स्त्रिया होत्या. असा एक अभ्यास शेकडो छोट्या चाचण्यांना झाकून टाकतो. टक्केवारी पाहताना अभ्यासांची संख्याही पाहावी, आणि एकाच वर्षावर न थांबता सलग काही वर्षं पाहावीत. आजारवार आकडे हवे असतील तर एनआयएचच्या संकेतस्थळावर सहभागाचे वेगळे तक्ते आहेत. २०१६ च्या ‘क्युअर्स’ कायद्याने ते बंधनकारक केले. अहवालातल्या एकंदर बेरजेपेक्षा ते किती तरी उपयोगी आहेत. संधिवात, मूत्रपिंडाचे आजार, पक्षाघात असं एकेक उघडून पाहता येतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्त्रिया चाचणीत होत्या म्हणजे त्यांच्यावरचा परिणाम तपासला गेला, असं होत नाही. हा फरक किती मोठा ठरू शकतो ते अ‍ॅस्पिरिनने दाखवलं. २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरच्या अभ्यासाचा अंतिम निकाल १९८९ मध्ये आला: हृदयविकाराचे पहिले झटके ४४ टक्क्यांनी कमी. त्यात एकही स्त्री नव्हती. पुढे ३९,८७६ स्त्रियांवर कमी मात्रेचा अभ्यास झाला आणि २००५ च्या निकालात एकंदरीत हृदयविकाराचे झटके कमी झालेले दिसलेच नाहीत. पक्षाघात मात्र १७ टक्क्यांनी घटला. दोन्ही अभ्यासांतली मात्रा वेगळी होती, हे विसरू नये. तरीही पुरुषांचा निकाल स्त्रियांना तसाच लावता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी १९९२ पासून वापरात होती. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना तिचा अंमल टिकून राहतो, या कारणाने नियामकाने जानेवारी २०१३ मध्ये स्त्रियांची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली. तोवर वीस वर्षं उलटली होती. त्या वीस वर्षांत गोळी घेऊन सकाळी कामावर निघालेल्या बायकांचा विचार केला, तर ‘विश्लेषण वेगळं करा’ हा समितीचा आग्रह कोरडा नियम वाटत नाही.

वेगळं विश्लेषण करतानाही घोटाळा होतो. पुरुषांमध्ये परिणाम सांख्यिकीदृष्ट्या ठळक दिसला, स्त्रियांमध्ये दिसला नाही, म्हणून ‘औषध स्त्रियांना लागू पडत नाही’ असं लिहिलं जातं. हे चूक आहे. स्त्रियांची संख्या कमी असेल तर तसं दिसणारच. दोन परिणामांतल्या फरकाचीच थेट चाचणी करावी लागते, आणि तिला माणसं खूप लागतात. उपचाराचा परिणाम शोधायला ५०० जण पुरत असतील तर तेवढ्याच आकाराचा स्त्री-पुरुष फरक शोधायला साधारण २,००० लागतात. एनआयएचचा नियम एवढी मोठी संख्या सर्वत्र मागत नाही. फरक आहे असं आधीच्या पुराव्यावरून वाटत असेल तरच तो फरक पकडू शकेल एवढी मोठी चाचणी करावी लागते. एरवी तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे उपचार मोठ्या संख्येने रुग्णांवर ताडून पाहणाऱ्या चाचणीत निष्पक्ष पद्धतीने वेगळं विश्लेषण केलं तरी पुरतं. ही सवलत व्यवहार्य आहे, पण तिच्यामुळे ‘फरक आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ बहुधा ‘फरक शोधण्याइतकी माणसं नव्हती’ असा असतो. अहवाल वाचताना हे मनात पक्कं ठेवावं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबाबतचं धोरण जानेवारी २०१६ पासून लागू आहे: पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर किंवा माणसांवर अभ्यास करायचा तर लिंग हा घटक आराखड्यात, विश्लेषणात आणि निष्कर्षांत धरायचा. एकाच लिंगावर काम करायचं असेल तर भक्कम कारण द्यायचं. उंदराच्या मादीचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं, हे जुनं कारण आता टिकत नाही. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध एकत्र तपासले गेले, तेव्हा चक्र न पाहता वापरलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले आढळले नाहीत. अर्जात होणारी नेहमीची चूक म्हणजे नर आणि माद्या दोन्ही घ्यायच्या आणि निकाल मात्र एकत्र कालवून द्यायचा. यावर कार्यालयाचे फुकट ऑनलाइन पाठ आहेत. अर्ज लिहायच्या आधी करावेत, चांगले आहेत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न २०१६ च्या कायद्याने वेगळ्या कृतिगटाकडे दिला. त्या गटाने २०१८ मध्ये १५ शिफारशी केल्या आणि २०२० मध्ये त्या कशा राबवायच्या याची योजना दिली. त्यामुळे गरोदरपणातल्या औषधांबद्दल शोधणाऱ्याने या समितीच्या इतिवृत्तांत वेळ दवडू नये, थेट ते दोन कागद उघडावेत.

पैशाकडे वळलं की समितीची मर्यादा उघडी पडते. ती ज्या कार्यालयाला सल्ला देते, ते स्वतः अनुदान वाटणारी संस्था नाही. एनआयएचच्या २७ संस्था आणि केंद्रांपैकी कोणाच्या तरी खांद्याला खांदा लावून, आपला वाटा घालून ते योजना चालवतं. २००० पासून चालू असलेला तरुण संशोधकांना तयार करण्याचा कार्यक्रमही असाच चालतो. समितीने उत्तम शिफारस केली तरी ती पूर्ण होण्यासाठी एखाद्या संस्थेच्या संचालकांना ती आपलीशी वाटावी लागते. संसदेच्या सांगण्यावरून नॅशनल अकॅडमीज या सरकारला सल्ला देणाऱ्या विज्ञानसंस्थेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने स्वतःच्या पद्धतीने हिशेब मांडला, तेव्हा २०१३ ते २०२३ या काळात एनआयएचच्या संशोधनखर्चापैकी ८.८ टक्के स्त्री-आरोग्यावर गेल्याचं दिसलं. डिसेंबर २०२४ च्या त्या अहवालाने पाच वर्षांत १,५७० कोटी डॉलर जादा द्यावेत आणि स्त्री-आरोग्यासाठी स्वतंत्र संस्था काढावी, असं सुचवलं. तीस वर्षं कायदा, कार्यालय आणि समिती असूनही आकडा एवढाच असेल, तर उणीव सल्ल्यात नाही. सल्ल्याला तिजोरीची किल्ली जोडलेली नाही, ही उणीव आहे.

शिफारस ते खर्च हा धागा जुळवायचा तर रीत अशी. इतिवृत्तातून एक नेमका विषय घ्या, उदाहरणार्थ एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. एनआयएचच्या आजारवार खर्चाच्या तक्त्यात त्याची ओळ शोधा. हे वर्गीकरण २००८ च्या आर्थिक वर्षापासून सुरू आहे. शिफारशीच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं लिहून घ्या. मग ‘रिपोर्टर’ या अनुदानांच्या शोधयंत्रात तेच नाव टाकून नव्याने सुरू झालेले प्रकल्प वेगळे काढा, नाहीतर जुन्या अनुदानांचे वार्षिक हप्तेच नवे समजले जातात. तक्त्यातल्या ओळींची बेरीज कधीही करू नका. एकच प्रकल्प ‘एंडोमेट्रिओसिस’मध्येही मोजला जातो आणि ‘वेदना’मध्येही. हे काम चार-पाच तासांचं आहे, आणि समितीच्या अहवालात ‘मागच्या शिफारशीचं काय झालं’ असा एक रकाना आला तर ते करावंच लागणार नाही.

समितीला स्वतः काही कळवायचं असेल तर राजपत्रातल्या सूचनेत संपर्क अधिकाऱ्याचा पत्ता असतो. लेखी निवेदन कोणीही पाठवू शकतं. त्यात नाव, पत्ता, दूरध्वनी आणि संस्थेतर्फे लिहीत असल्यास संस्थेचं नाव हवं. एका पानात एकच मागणी ठेवा. ‘आमच्या आजाराकडे लक्ष द्या’ हे निवेदन नोंदवलं जातं आणि फाइलमध्ये जातं. ‘अमुक आजाराच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपैकी किती चाचण्यांनी स्त्री-पुरुषांचे निकाल वेगळे नोंदवले, याचा तक्ता पुढच्या सभेत ठेवावा’ ही मागणी टाळणं अवघड जातं, कारण स्त्रियांच्या सहभागावर लक्ष ठेवणं समितीच्या कायदेशीर कामांत आहे. उपचारात झालेल्या चुकीची तक्रार इथे पाठवू नका. त्यावर काही करण्याचा अधिकार समितीला नाही. सभेच्या आदल्या दिवशी पाठवलेलं पत्र सभासद वाचू शकत नाहीत, म्हणून सूचना निघाली की त्याच आठवड्यात पाठवा. इतिवृत्त आल्यावर आपल्या निवेदनाचा उल्लेख आहे का ते तपासा. नसेल तर त्या सभेपुढे ठेवलेल्या सगळ्या कागदांची प्रत मागा. समितीपुढे आलेला कागद लोकांना पाहता आला पाहिजे, असं १९७२ च्या कायद्यातच लिहिलं आहे.